साठच्या पुढं हँडल झिणझिणायचं: १९७६ च्या बुलेटच्या क्रँकचं बॅलन्सिंग

गाडी १९७६ ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिनवाली, उजव्या पायात गिअर. मालक गडहिंग्लजचे एक निवृत्त शिक्षक, मी त्यांना काकाच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका गॅरेजमधून इंजिन पूर्ण करून घेतलं होतं, साठ साइझवर बोअर (म्हणजे सिलिंडर मूळ मापापेक्षा मोठं करून), नवा पिस्टन, नवा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) रोलर बेअरिंगच्या बिगएंडसकट (म्हणजे रॉडचं क्रँककडचं मोठं टोक), सगळं नवं. तेव्हापासून तक्रार एकच, पन्नासपर्यंत गाडी लोण्यासारखी आणि साठच्या पुढं गेलं की हँडल झिणझिणायला लागतं, कागलवरून कोल्हापूरला येईपर्यंत हाताची बोटं बधिर. दोन वर्षांत हेडलाइटचे चार बल्ब गेले, मागच्या नंबरप्लेटची पट्टी दोनदा तुटली, इंजिनचे फाउंडेशन बोल्ट दर महिन्याला सैल व्हायचे. काका म्हणाले, "अरे सगळे म्हणतात बुलेट आहे, हलणारच. पण मी ही गाडी चाळीस वर्षं चालवलीय, ही अशी कधीच हलत नव्हती."

हे वाक्य मी फार गांभीर्यानं घेतलं. चाळीस वर्षं एकच गाडी चालवणाऱ्या माणसाच्या हाताला जे कळतं ते कुठल्याही मीटरपेक्षा भरवशाचं असतं, आणि "बुलेट आहे, हलणारच" हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. सिंगल सिलिंडर हलतं हे खरं, पण किती हलतं, कुठल्या स्पीडला हलतं आणि कुठल्या दिशेला हलतं हे कारखान्यात कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. ते ठरवलेलं आपण रिपेरीत बिघडवलं की मग दोष गाडीच्या नावावर ढकलायचा, हे काही बरोबर नाही.

इंजिन उतरवायच्या आधी सोप्या गोष्टी बघून घेतल्या. फाउंडेशन बोल्ट, हेडला फ्रेमशी धरून ठेवणारी पट्टी, प्रायमरी चेनचा ताण, रोटर, टायमिंग, कार्बोरेटर. मग साठच्या स्पीडला क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि गाडी तशीच पळू दिली, झिणझिण एकदम गायब, म्हणजे चाकं आणि टायर संशयातून सुटले. मग मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये तेवढेच आरपीएम दिले तर तीच झिणझिण परत, हेडलाइटची रिंग डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागली. म्हणजे गिअरबॉक्सचाही संबंध नाही, जे काय आहे ते इंजिनच्या पोटात आहे.

इंजिन खोललं. हेड, बॅरल, पिस्टन सगळं स्वच्छ होतं, काम करणाऱ्यानं हलगर्जीपणा केलेला नव्हता हे मी मुद्दाम लिहितोय. क्रँक, म्हणजे दोन जड फ्लायव्हील आणि दोन शाफ्ट मिळून झालेला, पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणारा भाग, बाहेर काढून व्ही ब्लॉकवर ठेवली, दोन्ही बाजूच्या शाफ्टला डायल गेज लावून हळूहळू फिरवली, तर एका बाजूला ०.०३ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ०.०२ मिमी आऊट, म्हणजे फिरताना शाफ्ट रेषेबाहेर तेवढाच जातो. ०.०५ च्या आत असलं की मी समाधानी असतो, त्यामुळं क्रँक ट्रू होती, चांगलीच ट्रू होती. आणि इथंच बहुतेक जण थांबतात. "क्रँक बॅलन्स केलीय" असं आपल्याकडं सर्रास म्हणतात तेव्हा नव्वद टक्के वेळा त्याचा अर्थ क्रँक ट्रू केलीय एवढाच असतो. ट्रू करणं म्हणजे दोन्ही फ्लायव्हील आणि दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणणं. बॅलन्स म्हणजे वर-खाली पळणाऱ्या पिस्टनच्या वजनापुढं फ्लायव्हीलच्या पलीकडच्या बाजूचं वजन किती ठेवायचं हे ठरवणं. क्रँक शंभर टक्के ट्रू असून बॅलन्समध्ये सपशेल चुकलेली असू शकते, आणि काकांच्या गाडीत नेमकं तेच झालं होतं.

आता या केसमधली सगळ्यात नशिबाची गोष्ट. काकांनी जुने पार्ट टाकले नव्हते! एका पार्ले बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, ऑइल लावून, पेपरात गुंडाळून, जुना पिस्टन, गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी), जुना रॉड, त्याचा बिगएंडचा बुश आणि जुनी क्रँकपिन (दोन फ्लायव्हीलच्या मधली, जिच्यावर रॉडचं मोठं टोक बसतं ती). पिस्टन झिजलेला होता, रॉडचा बुश गेलेला होता, पण वजन करायला झिजलेला पार्टसुद्धा चालतो, दोन-चार ग्रॅम कमी भरेल एवढंच. तो डबा नसता तर मी अंदाजानं काम केलं असतं. म्हणून माझ्याकडं इंजिन आलं की जुना पिस्टन भंगारात जायच्या आधी त्याचं वजन वहीत लिहिलं जातं, आणि माझी सगळ्यांना हीच विनंती आहे की एवढं एक काम कराच, पाच मिनिटंपण लागत नाहीत.

वजनं घेतली. पिस्टन म्हणजे नुसता पिस्टन नाही, रिंगा, गजन पिन आणि दोन्ही सर्क्लिप धरून. जुना सेट भरला ४१२ ग्रॅम आणि नवा ४९८. शहाऐंशी ग्रॅमचा फरक! साइझ साठनं वाढली म्हणून वाढलेलं वजन यात थोडंसंच आहे, बाकी सगळं नव्या पिस्टनच्या जाड भिंती आणि जाड गजन पिनमध्ये. मग रॉड. रॉडचं अर्धं काम फिरण्याचं आणि अर्धं वर-खाली पळण्याचं, म्हणून त्याची दोन टोकं वेगळी तोलावी लागतात. मोठं टोक दोऱ्यानं लटकवायचं, छोटं टोक काट्यावर टेकवायचं आणि रॉड अगदी आडवा पाहिजे. पहिल्यांदा माझा रॉड जरासा तिरका राहिला होता आणि ९ ग्रॅमची चूक आली, स्पिरिट लेव्हल ठेवून परत केलं तेव्हा जमलं. जुन्या रॉडचं छोटं टोक १६८ ग्रॅम, नव्याचं १७२. म्हणजे वर-खाली पळणारं एकूण वजन आधी ५८० ग्रॅम होतं, ते आता ६७० झालं होतं. आणि दुसरीकडं मोठं टोक, बेअरिंग आणि क्रँकपिन मिळून नवा सेट जुन्यापेक्षा ३० ग्रॅमनं जड. हा दुसरा फरक कुणी मोजतच नाही, पण तो पिनच्या बाजूला फिरतो, म्हणजे पलीकडच्या काउंटरवेटमधून तेवढं खाऊन टाकतो. एका हातानं पिस्टनचं ओझं वाढवलं आणि दुसऱ्या हातानं ते तोलणारं वजन कमी केलं, दोन्ही चुका एकाच दिशेला.

आता क्रँकचं खरं बॅलन्स किती आहे ते काढायचं. काही जण दोन ग्राउंड पट्ट्यांवर क्रँक लोळवतात, ती पद्धतपण बरोबर आहे, पण दोन्ही बाजूच्या शाफ्टची जाडी वेगळी असली की पॅकिंग देत बसावं लागतं. मी चार बेअरिंगचं स्टँड वापरतो, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या, बेअरिंगमधलं ग्रीस पेट्रोलनं पूर्ण धुऊन काढलेलं, नुसत्या फुंकरीनं फिरली पाहिजेत. क्रँक त्यावर ठेवली, रॉड खाली लोंबता, आणि रॉडच्या छोट्या टोकाला तारेनं एक छोटी पिशवी अडकवली. पिशवीत नट, वॉशर, मग तुकडे तोडलेली सोल्डरची तार. क्रँकपिन बरोबर घड्याळातल्या तीनच्या जागी आणायची आणि हात सोडायचा. पिशवी हलकी असेल तर काउंटरवेट खाली पडतं, जड असेल तर पिन खाली पडते. १६२ ग्रॅमला काउंटरवेट हळूच खाली जायला लागलं आणि १७० ला पिन. मधल्या आठ ग्रॅमात क्रँक आहे तिथं थांबत होती, ते बेअरिंगचं घर्षण. मग नऊच्या जागी पिन ठेवून परत तेच केलं, तेच आकडे. मधला आकडा धरला १६६.

गणित सोपं आहे. पिशवीचे १६६ अधिक रॉडच्या छोट्या टोकाचे १७२, झाले ३३८. पिस्टनकडचं पळणारं वजन ६७०. ३३८ भागिले ६७०, म्हणजे ५०.४ टक्के. याला बॅलन्स फॅक्टर म्हणतात, पळणाऱ्या वजनाचा किती हिस्सा काउंटरवेटनं तोललाय तो आकडा. आता जुन्या पार्टचा हिशोब, तेव्हा पिनकडं ३० ग्रॅम कमी होते म्हणून काउंटरवेटकडं ३३८ नाही तर ३६८ शिल्लक, आणि पळणारं वजन ५८०. ३६८ भागिले ५८० म्हणजे ६३.४ टक्के. कारखान्यातून गाडी ६३ वर निघाली होती आणि रिपेरीनंतर ५० वर आली होती.

आता कुणीही विचारेल की ५० टक्के काय वाईट आहे, अर्धं तोललं, अर्धं सोडलं, सगळ्यात मधला आकडा. हा प्रश्न योग्य आहे आणि उत्तर जरा निवांत समजून घ्यायला पाहिजे. सिंगल सिलिंडरमध्ये पिस्टनचा जोर फक्त वर-खाली लागतो, पण काउंटरवेट गोल फिरतं, त्यामुळं ते वर-खालीचा जेवढा जोर खोडून काढतं तेवढाच नवीन जोर पुढं-मागं तयार करतं. शंभर टक्के तोललं तर वर-खाली शून्य आणि पुढं-मागं पूर्ण. शून्य टक्के तोललं तर उलटं. म्हणजे क्रँक बॅलन्स करून हादरा संपत नाही, आपण फक्त तो कुठल्या दिशेला किती वाटायचा ते ठरवतो. (दुप्पट वेगाचा जो दुसरा हादरा असतो, साधारण पहिल्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा, त्याला तर क्रँकचं काउंटरवेट हातच लावू शकत नाही.) आणि कुठली दिशा फ्रेमला सोसते हे फ्रेमवर ठरतं, इंजिन उभं आहे का तिरकं, कुठं बांधलंय, हँडल कुठं आहे. म्हणून ५० टक्के एखाद्या दुसऱ्या गाडीत उत्तम चालेल. या फ्रेममध्ये उभ्या इंजिनचा वर-खालीचा हादरा सरळ हेडलाइट आणि हँडलपर्यंत चढत होता, आणि बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम कमी ठेवला होता.

आकड्यात बघितलं की डोळे उघडतात. बुलेट ३५० चा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या ४५ मिमी. साठ-पासष्टच्या स्पीडला टॉप गिअरमध्ये इंजिन साधारण ३००० आरपीएमवर असतं. त्या वेगाला न तोललेल्या दर १०० ग्रॅममागे जवळजवळ ४५ किलोचा जोर लागतो, सेकंदाला पन्नास वेळा. मूळ इंजिनमध्ये वर-खाली न तोललेलं वजन २१२ ग्रॅम, म्हणजे सुमारे ९६ किलो. रिपेरीनंतर ३३२ ग्रॅम, म्हणजे १५० किलो. आरपीएम दुप्पट झाले की हाच जोर चौपट होतो, पन्नासला काही वाटत नाही आणि साठच्या पुढं एकदम हाताला लागतं त्यामागं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे फ्रेम आणि हँडलचा स्वतःचा थरथरण्याचा वेग तिथं गाठला जातो.

उपाय दोन बाजूंनी करायचा ठरवला. आधी पिस्टन. जड पिस्टन आतून घासून हलका करणारे लोक मी बघितलेत, मला ते पटत नाही, गजन पिनच्या बाजूचं धातू सगळा भार घेतं, तिथं ग्राइंडर फिरवून पन्नास ग्रॅम काढले आणि घाटात पिस्टन फुटला तर काय? त्यापेक्षा खिशात छोटा वजनकाटा टाकून कोल्हापुरातली तीन दुकानं फिरलो आणि साठ साइझचे सगळे पिस्टन सेट काउंटरवरच तोलून बघितले. दुकानदार आधी वैतागले, मग त्यांनाच मजा वाटायला लागली. एकाच मापाचे पिस्टन, पण एक ४९८, एक ४७१ आणि एक ४३८. तो ४३८ वाला घेतला, बोअर गेजनं बॅरल मोजून क्लिअरन्स बरोबर बसतोय याची खात्री केली, पिस्टनच्या डोक्याची उंची जुन्याशी जुळवून बघितली. आता पळणारं वजन ४३८ अधिक १७२, म्हणजे ६१०, आणि फॅक्टर नुसत्या पिस्टननं ५५.४ टक्क्यांवर आला. एक पैशाचं मशिनिंग न करता निम्म्याला जरा कमी एवढं अंतर इथंच कापलं गेलं.

उरलेलं फ्लायव्हीलमधून. ६१० चे ६३ टक्के म्हणजे ३८४ ग्रॅम पाहिजेत, आहेत ३३८, कमी पडतात ४६. काउंटरवेटला वजन जोडण्यापेक्षा पिनच्या बाजूचं वजन काढणं सोपं आणि सुरक्षित, परिणाम तोच. ४६ ग्रॅम हे पिनच्या ४५ मिमी त्रिज्येवरचे, आपण भोक मारणार ७० मिमी त्रिज्येवर, तिथं कमी वजन काढूनपण तेवढंच काम होतं, ४६ गुणिले ४५ भागिले ७० म्हणजे २९.६ ग्रॅम. पण बरोबर पिनच्या रेषेत भोक मारायचं नाही, तिथं फ्लायव्हीलला ताकद पाहिजे, म्हणून पिनच्या रेषेपासून दोन्हीकडं ३० अंशांवर, आणि तिरकं गेल्यामुळं ०.८६६ नं भागायचं, आले ३४ ग्रॅम. दोन फ्लायव्हील, प्रत्येकावर दोन भोकं, म्हणजे एका भोकाला साडेआठ ग्रॅम. १२ मिमीचं ड्रिल आणि कास्ट आयर्नची घनता ७.२ धरली तर खोली साडेदहा मिमी.

क्रँक फोडायची का हा प्रश्न होता. ०.०३ वर जमलेली क्रँक उगाच फोडून परत प्रेस करून तांब्याच्या हातोडीनं ठोकत बसायचं, माझा जीव धजत नव्हता. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या लेथवाल्या मामांशी बोललो, ते म्हणाले बाहेरच्या तोंडाकडून भोकं मार, फोडायची गरज नाही, पण बिगएंड असं बंद कर की कीस आत जायला जागाच नको. मग ग्रीस भरून, सुती फडकं गुंडाळून, वरून टेप, त्यावर परत टेप. पिलर ड्रिलच्या टेबलावर फ्लायव्हील लाकडाच्या ठोकळ्यावर सपाट टेकवलं, सेंटर पंच मारला आणि खाली पांढरा कागद अंथरला. प्रत्येक भोक पहिल्यांदा आठ मिमीच केलं. काळा बारीक कीस कागदावर गोळा करून तोलला, भोकामागं साडेसहा ग्रॅम भरला, म्हणजे अंदाज बरोबर चाललाय. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, म्हणून शेवटचे अडीच मिमी स्टँडवर परत तपासूनच. एकदा पिशवीत १९६ वर थांबत होती, थोडं खोल केलं, २०५, परत थोडं, आणि शेवटी २१२ ला क्रँक जिथं ठेवाल तिथं थांबायला लागली. २१२ अधिक १७२, ३८४. भोकांच्या कडा मारल्या, टेप काढून सगळं डिझेलनं तीनदा धुतलं, हवा मारली, बिगएंड बोटानं फिरवून कानाशी धरून ऐकला, आणि परत डायल गेज, आऊट होता तेवढाच.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की वर-खालीचा जोर ३००० आरपीएमला १५० किलोवरून १०२ वर आला, पण पुढं-मागंचा १५३ वरून १७४ वर गेला. फुकट काहीच मिळत नाही. मूळ इंजिनमध्येपण तो १६७ होताच. २०२० मध्ये आलेल्या मिटिअर ३५० च्या इंजिनमध्ये बॅलन्सर शाफ्ट आहे, उलटं फिरणारं वेगळं वजन, ते हा पुढं-मागंचा जोरपण खोडून काढतं, पण कास्ट आयर्न बुलेटमध्ये ती सोय नाही, तिथं वाटणीच करायची आहे.

इंजिन बांधून पहिले पाचशे किलोमीटर काकांनी पन्नासच्या आत रनिंग केलं. मग आम्ही दोघं कागलपर्यंत हायवेला गेलो, आधी मी, येताना काका. पासष्टला हेडलाइटची रिंग एकच दिसत होती. सत्तरलापण हँडल शांत, आरसा पहिल्यांदाच वापरण्यासारखा. पंच्याऐंशीच्या आसपास मात्र फूटरेस्टमध्ये घुरघुर जाणवते, पायाच्या तळव्यांना, हातांना नाही, तोच तो पुढं-मागंचा हिस्सा. काकांना विचारलं तर म्हणाले, "हे पहिल्यापासून होतं की. मी पंच्याऐंशीनं जातच नाही." उतरल्यावर त्यांनी काही न बोलता दोन्ही हात वर करून बोटं हलवून बघितली.

नंतर दोन हजार किलोमीटरला गाडी व्हॉल्व्ह सेटिंगला आली तेव्हा सगळ्यात आधी फाउंडेशन बोल्टना पाना लावला, एकही फिरला नाही, बल्बही तोच. बिस्किटाचा डबा मी काकांना परत दिलाय, आता त्यात तो ४९८ चा पिस्टनपण आहे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलंय: पळणारं वजन ६१०, पिशवी २१२, छोटं टोक १७२, फॅक्टर ६३. पुढं कधी ही क्रँक परत कुणी उघडली तर त्याला आमच्यासारखं शोधत बसायला लागू नये.